दुष्काळ मानवलेली

शेतात ज्वारी निसवली, कणसांवर पिवळा फुलोरा धरला, की महादेवीचं नाक बंद व्हायचं. आधी टाळूला खाज सुटायची. मग शिंका, एकीमागं एक, डोक्यावर घागर असली तरी थांबायच्या नाहीत. मग डोळे. ते लाल होऊन जे गळायला लागायचे ते पार हुरडा संपेपर्यंत. रात्री आडवं झालं की छातीतून शिट्टी वाजायची, म्हणून त्या दिवसांत ती भिंतीला टेकून बसूनच रात्र काढायची.

तिचं सासर अणदूरच्या पलीकडचं, कर्नाटकाच्या अंगाला असलेलं एक गाव. तिथं अर्धी माणसं देवाशी कानडीत बोलतात आणि माणसांशी मराठीत. अशा गावाला कशाचं ना कशाचं कारण चटकन सापडतं; सापडत नाही ते औषध. लग्न होऊन आली त्या पहिल्याच हिवाळ्यात बायकांनी ठरवलं की नवरीला माहेरची आठवण येते. दुसऱ्या हिवाळ्यात ठरलं की नजर लागली. तिसऱ्या वर्षी सासूनं, म्हणजे पार्वतम्मानं, सुई तापवून बिब्ब्यात बुडवली आणि सुनेच्या छातीवर डाग दिले. डाग फोडासारखे फुलले, पिकले, वाळले. शिंका काही थांबल्या नाहीत. महादेवीच्या छातीवर मात्र काळे ठिपके कायमचे राहिले, आणि आपल्याला दमा आहे, तो छातीतच असतो, असं तिनंही मनाशी धरून घेतलं.

दुखणं वाढायचं ते नेमकं येळवशीला. मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे येळवस. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात पाहुणा म्हणून. ज्वारीची ताटं कणसासकट कापून त्यांची कोपी उभी करायची, आत चुना फासलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील यांचा नैवेद्य दाखवायचा. मग घरच्या माणसानं आंबिलीचं मडकं घेऊन रानभर शिंपडत फिरायचं. पूजेला कोपीत बसायचं ते घरच्या जोडप्यानं. म्हणजे महादेवी आणि तिचा नवरा भीमाशंकर. डोक्यावर कणसं लोंबकळताहेत, हात लागला की पिवळी भुकटी केसांत, पदरावर, नैवेद्याच्या ताटावर. पूजा संपेपर्यंत महादेवीचं तोंड सुजायचं. बाहेर पडली की ती बांधावर जाऊन बसायची आणि डोळे पुसत राहायची.

मग बहात्तर साल आलं.

त्या साली पेरलेलं उगवलंच नाही. उगवलं ते वीतभर होऊन करपलं. रान इतकं उघडं पडलं की गावाच्या वेशीतून पार पुढच्या गावाचं देऊळ दिसायला लागलं. भीमाशंकर, महादेवी, पार्वतम्मा आणि तीन वर्षांचा मुलगा बसू सडकेच्या कामावर गेले. तिथंच पालं ठोकली. दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी सरकारनं वाटलेल्या सुकडीचा लगदा खायचा. माणसं वाळून काटक्या झाली. महादेवीही वाळली. पण तिचं नाक मोकळं होतं. हिवाळा आला, येळवस आली आणि कुणी कोपी न घालता निघूनही गेली, तरी तिला एक शिंक आली नाही. हातोडा चालवताना ती पोटभर श्वास घ्यायची. रात्री पालात आडवी व्हायची ती सकाळीच उठायची. तशी झोप तिला सासरी आल्यापासून कधी लागली नव्हती.

शेजारच्या पालातली सरुबाई एकदा हसून म्हणाली, "आगं, सगळ्यांची तोंडं उतरली अन हिचं उजळलं! हिला दुष्काळ मानवला बगा."

बायका हसल्या. महादेवीही हसली. तेव्हा ती नुसती थट्टा होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांत बसू गेला. त्याला हगवण लागली होती. आदल्या संध्याकाळी जरा बरा वाटला, सुकडी मागितली, चार घास खाऊन आजीच्या वाकळीत शिरला. तो आजीजवळच झोपायचा. सकाळी पार्वतम्मानं हाक मारली आणि तो उठला नाही.

त्याला गावी आणून आपल्याच शेतात, बांधावरच्या लिंबाखाली, त्यांच्या रीतीप्रमाणं बसवून पुरला. महादेवीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बायका म्हणाल्या, दगड झाली. त्या चुकत नव्हत्या. ती कामावर परत गेली, खडी फोडली, सुकडी खाल्ली. तिला आत काही हलल्यासारखं वाटलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. एकच गोष्ट मात्र ती पुन्हापुन्हा उलटून बघायची. दुसऱ्या कुठल्याही साली ती त्या वेळी भिंतीला टेकून जागी असती. पोरगं कण्हलं असतं तर तिला ऐकू आलं असतं. त्याच एका साली ती झोपली. सरुबाईची थट्टा तिच्या कानात राहिली, आणि आता तिच्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पुढच्या साली पाऊस झाला, ज्वारी झाली. येळवशीला महादेवी कोपीतून उठून लिंबाखाली जाऊन बसली आणि तिचे डोळे धो धो गळू लागले. गावाचा जीव भांड्यात पडला. "रडली बाबा एकदाची," बायका म्हणाल्या. "मोकळी झाली." तेव्हापासून दर साली तेच. फुलोरा आला की महादेवीचे डोळे गळायचे, आणि गाव हळहळायचं की इतकी सालं झाली तरी पोराला विसरली नाही, आई ती आईच. महादेवीनं हा समज कधी खोडला नाही. खोडून सांगणार काय, की हे त्याच्यासाठी नाही? त्याच्यासाठी येतच नाही? लोकांनी तिला आयतं दुःख दिलं होतं, ते तिनं पांघरून घेतलं. आपल्याजवळ दाखवायला तेवढंच आहे, असं तिला वाटायचं.

पार्वतम्मा मात्र त्या दिवसांत सुनेच्या तोंडाकडे बघायची नाही. ताट सरकवायचं तेही भिंतीकडे बघत. महादेवीला वाटायचं, म्हातारीला सगळं ठाऊक आहे. हे खोटं पाणी आहे, हे तिनं ओळखलंय.

दुष्काळानंतर संगव्वा झाली. सगळे तिला संगू म्हणत. पोरगी चांगली चटपटीत होती. गावात दूध सोसायटी निघाली, भीमाशंकर तिथं दूध मापायला लागला, तेव्हा संगू सकाळ-संध्याकाळ त्याच्या मागं कॅनभोवती नाचायची. आणि एका हिवाळ्यात, ज्वारी निसवल्यावर, ती कॅनजवळच उभी राहून शिंकायला लागली. एक, दोन, मग मोजायचं कशाला. महादेवी चुलीपाशी होती. तिनं आवाज ऐकला आणि तिच्या हातातली भाकरी तव्यावरच करपली.

पार्वतम्माचा निवाडा झटपट होता. दुखणं येळवशीला येतं, तर ते येळवशीचंच. पांडवांचं काहीतरी चुकलंय. दुष्काळात कोपी घातली नव्हती, नैवेद्य दाखवला नव्हता; तो राग आधी नातवावर निघाला आणि आता नातीवर निघतोय. तर मग पोरीला पांडवांच्या ओटीत घालायचं.

म्हणून मागच्या येळवशीला संगूला दिवसभर कोपीत बसवलं. नेहमीपेक्षा दाट कोपी घातली होती, फुलोऱ्यातली चांगली भरदार ताटं निवडून. वरून पाच कणसं पोरीच्या तोंडावरून उतरवली. पिवळी भुकटी तिच्या पापण्यांवर बसली, ओठांवर बसली. म्हातारी डोळे मिटून शिवा शिवा म्हणत होती आणि खरंच मनापासून म्हणत होती, त्यात काही खोट नव्हती. पण दुपारपर्यंत पोरीचे ओठ निळे पडले. बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जायला लागली. भीमाशंकरनं तिला खांद्यावर टाकून गावाकडे धाव घेतली, आणि तशी धावता धावता, रान मागं पडल्यावर, गावच्या बंद दारांच्या बोळात तिचा श्वास थोडा सुटला. गावानं याचंही कारण काढलं: पांडवांनी परीक्षा बघितली.

महादेवी त्या दिवशी मागून चालत आली. धावली नाही. आपण का धावत नाही, हा प्रश्न तिला वाटेत पडला आणि त्याचं उत्तर तिनं शोधलं नाही.

यंदा ज्वारी निसवली तशी संगू पुन्हा शिंकायला लागली, आणि एका सकाळी महादेवी गोठ्यातून आत आली तर चुलीजवळ पार्वतम्मा बसलेली, निखाऱ्यावर सुई, बाजूला बिब्बा. संगू समोर उघड्या अंगानं थरथरत उभी.

महादेवीनं पुढं होऊन पोरीला उचललं आणि दारात जाऊन उभी राहिली.

"आगं, तुला दिलं व्हतं की न्हाय? मेलीस का?" पार्वतम्मा म्हणाली.

"न्हाय मेले. बरी बी न्हाय झाले."

सासूला इतकं उलट ती पहिल्यांदाच बोलली होती. आवाज मात्र चढला नव्हता. भीमाशंकर दूध मापून घरी आला तेव्हा ती तशीच दारात उभी होती. तो एकदा आईकडे आणि एकदा बायकोकडे बघत राहिला. तो तसा मऊ माणूस. घरातलं भांडण त्याला दूध नासल्यासारखं वाटायचं, कुणाला दोष द्यावा ते कळायचं नाही. शेवटी म्हणाला, "सोसायटीची गाडी निघतीच हाय. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दावून या. डाग काय, माघारी आल्यावर बी देता येतोय."

"म्या बी येणार," पार्वतम्मा म्हणाली. "पोरीला सुया टोचत्याल तिथं."

दुधाच्या कॅनांमध्ये बसून तिघी गेल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी फुललेली. गाडी थांबेपर्यंत मायलेकींचे डोळे लाल झाले होते.

डॉक्टर तरुण होता आणि दमलेला होता. बाहेर ओटीभर माणसं. त्यानं संगूची छाती ऐकली, पाठ ऐकली, वजनासाठी काट्यावर उभी केली आणि तोंड वाकडं केलं.

"वाळलीये पोरगी. खोकला किती दिवसांचा?"

"दर साली हिवाळ्यात येतोय," महादेवी म्हणाली.

"घरात कुणाला खोकला आहे? रात्री बसून काढणारं कुणी?"

"मला हाय. लगीन झाल्यापसनं."

डॉक्टर जरा मागं टेकला. "हे बघा, आईला एवढी वर्षं खोकला, मुलगी अशी वाळलेली. मला क्षयाची शंका येते. तसं असेल तर मुलीला सोलापूरला पाठवावं लागेल. तिथं ठेवून घेतील, सुया चालू करतील. महिनोन्‌महिने राहावं लागेल."

"ठिवून?" पार्वतम्मानं विचारलं. "येकलीला?"

"तिथं तसंच असतं." मग त्यानं पुन्हा महादेवीकडे पाहिलं, तिच्या लाल डोळ्यांकडे, गळणाऱ्या नाकाकडे. काहीतरी त्याला पटत नसावं. "पण क्षय उन्हाळा-पावसाळा बघत नाही. तुम्हाला फक्त हिवाळ्यातच होतं?"

"व्हय. ज्वारी निसवल्यावर."

"दर वर्षी? एकदाही चुकलं नाही? नीट आठवा. एखादं साल असं आहे का, की हिवाळा आला आणि तुम्हाला काहीच झालं नाही?"

महादेवीनं संगूला जवळ ओढलं.

आठवायला तिला काहीच लागत नव्हतं. ते साल तिच्या तोंडातच होतं. पण बाजूला पार्वतम्मा बसली होती. ते साल तिच्यासमोर बोलून दाखवायचं म्हणजे आपण होऊन सांगायचं, की ज्या साली तुझा नातू, माझं पोर गेलं, त्या साली मी ठणठणीत होते. घरात कुणी त्या सालाचं नाव काढत नसे. बाहेर बोलणं निघालं तर लोक 'दुष्काळात' म्हणून पुढं सरकत. आणि न बोलावं तर संगू सोलापूरला, कुणा परक्याच्या वॉर्डात, एकटी.

संगूनं आईचा पदर तोंडात धरला होता. महादेवीनं तो हळूच सोडवला.

"बहात्तरला," ती म्हणाली. "दुष्काळात. तवा कायच झालं न्हाय मला."

"त्या साली वेगळं काय होतं?"

"वेगळं कायबी न्हाय. ज्वारीच नव्हती."

डॉक्टरनं हातातलं पेन खाली ठेवलं. त्याचा चेहरा उजळला. सकाळपासून त्याला एकतरी गोष्ट सुतासारखी सरळ मिळाली होती, आणि त्या आनंदात समोर कोण बसलंय ते त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

"म्हणजे त्या दुष्काळात तुम्ही एकदम ठणठणीत! नाक मोकळं, झोप शांत! बरोबर?"

"व्हय," महादेवी म्हणाली. "झोप बी शांत."

"मग क्षयाचं तेवढं भ्यायचं नाही. थुंकी तपासून घेऊ, पण माझी खात्री आहे. अहो, फुलोऱ्यात कणसावर पिवळी भुकटी असते ना? वाऱ्यावर उडते ती. बहुतेकांना तिचं काही होत नाही. एखाद्याच्या अंगाला मात्र ती वैरी वाटते. मग नाक तिला बाहेर टाकायला शिंकतं, डोळे धुऊन काढायला पाणी सोडतात, छाती दार लावून घेते. तुमच्यात ते आहे आणि तुमच्याकडून मुलीत आलंय. यात देवाचं काही नाही, तुमचा काही गुन्हा नाही. हे डोळ्यांतून पाणी येतंय ना आत्ता, तेही त्या भुकटीचंच."

पार्वतम्मा इतका वेळ डॉक्टरकडे बघत होती. आता तिनं मान वळवून सुनेच्या डोळ्यांकडे पाहिलं. किती वर्षांनी पाहिलं. मग ती पुन्हा समोर बघायला लागली.

डॉक्टरनं सांगितलं ते साधं होतं. फुलोरा असेपर्यंत दोघींनी रानात जायचं नाही. सकाळच्या वाऱ्याला दार-खिडकी लावून घ्यायची. जावंच लागलं तर नाकातोंडावर ओला फडका. रानातून घरात येणाऱ्यानं आधी हातपाय धुवायचे, कपडे झटकायचे, डोकं पुसायचं. ताज्या कापलेल्या पेंढ्या घराला टेकवून ठेवायच्या नाहीत. वाळत घातलेले कपडे वाऱ्यावर दिवसभर सोडायचे नाहीत. आणि गोळ्या, बारक्या, पिवळ्या. मुलीला अर्धी, आईला एक. "दुखणं मुळातून जाणार नाही," तो म्हणाला, "पण त्याला दारात थोपवता येतं. श्वास फारच लागला तर मात्र घरी बसू नका, सरळ इकडं या. आणि हो, या गोळीनं झोप येते. घाबरू नका."

परतीच्या वाटेवर तिघींच्या नाकाला ओले फडके होते. तिसरा पार्वतम्मानं आपण होऊन बांधला होता, तिला गरज नसताना. त्यामुळं कुणी कुणाशी बोललं नाही, हे कुणाला वावगं दिसलं नाही.

घरी आल्यावर पार्वतम्मा कामाला लागली. परड्यातल्या पेंढ्या तिनं भीमाशंकरला तिथून हलवायला लावल्या. उंबऱ्याबाहेर पाण्याची बादली ठेवली. भीमाशंकर सोसायटीतून आला तरी पाय धुतल्याशिवाय त्याला आत घेईना. बिब्बा कुठं गेला ते कुणी विचारलं नाही. संगूच्या शिंका कमी झाल्या, रात्री ती आडवी झोपायला लागली. पण म्हातारी महादेवीशी एक शब्द बोलत नव्हती. आधी ती सुनेकडे बघायची नाही. आता कामाच्या मध्येच हात थांबवून बघत बसायची, आणि महादेवीनं बघितलं की उठून जायची.

महादेवीला ते अपेक्षितच होतं. आता सगळं उघडं पडलं. पोरगं गेलं तेव्हा बरी होती, आणि नंतर जे रडली ते ज्वारीमुळं. मग आईपणाचं उरलं काय? तिनं हा हिशेब थंडपणानं केला. वाईट वाटेल म्हणून ती थोडी थांबली. वाटलं नाही.

संगूला ती रोज अर्धी गोळी द्यायची. आपली घेत नव्हती. पुडी कोनाड्यात तशीच होती. रात्री ती पूर्वीसारखीच भिंतीला टेकून बसायची, पोरीचा श्वास ऐकत.

येळवस आली. आदल्या दिवशी महादेवीनंच नाकाला फडका बांधून भज्जी रांधली, आंबील घुसळली. सकाळी भीमाशंकर टोपली उचलताना घुटमळला.

"बसूफुडं निवद कोण ठिवणार?"

"तुमी ठिवा," ती म्हणाली.

तो आणि पार्वतम्मा गेले. पाठोपाठ गाव गेलं. बैलगाड्यांचा आवाज, पोरांचा गलका, बायकांची हाकाहाक वेशीपलीकडं गेली आणि मग काहीच राहिलं नाही. येळवशीच्या दिवशी गावात असं कुणी थांबत नाही, त्यामुळं गाव रिकामं कसं दिसतं ते कुणालाच माहीत नसतं. महादेवीनं फटीतून पाहिलं. सगळ्या दारांना कड्या. पारावर एक कुत्रं, तेही चुकून राहिलेलं. तिनं खिडकी लावली. संगू गोधडीवर खापराच्या तुकड्यांनी खेळली, गोळीच्या गुंगीत पेंगली आणि झोपली. महादेवी भिंतीला टेकून बसली. लिंबाखाली आज तिची जागा रिकामी असेल, आणि बायका एकमेकींना काय म्हणत असतील, ते तिला इथं बसून ऐकू येत होतं.

ऊन डोक्यावर आलं असेल तेव्हा अंगणात पावलं वाजली. कुणीतरी लुगडं झटकत होतं. मग बादलीत तांब्या बुडाल्याचा आवाज, पाण्याचा आवाज, बराच वेळ. मग दार किलकिलं झालं आणि पार्वतम्मा आत आली. केस ओले, हातात झाकलेला गडू.

"आंबील आणली," ती म्हणाली. कितीतरी दिवसांनी ती सुनेशी बोलत होती.

"येकट्याच आलात?"

"पूजा झाली. जेवत्याल ती." म्हातारी खाली बसली. संगूकडे पाहिलं, तिच्या नाकापुढं उलटा हात धरला, समाधान झाल्यावर काढला. "त्याच्याफुडं वाढून आले. तुझ्या वाटचं बी म्याच ठिवलं."

महादेवीनं मान हलवली.

"दर साली तू त्या लिंबाखाली डोळं गाळत बसायचीस," पार्वतम्मा जमिनीकडे बघत म्हणाली. "अन म्या कोपीतनं बगायची. मला वाटायचं, मला म्हणती ही. तोंडानं म्हणत न्हाय, डोळ्यानं म्हणती. माझं पोरगं कुशीत घिऊन म्हातारी ढाराढूर झोपली, आसं. म्हून म्या तुझ्या तोंडाकडं बगायची न्हाय."

महादेवीला यातलं काही ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका चुलीवर रांधून ठाऊक नव्हतं.

"न्हाय आत्याबाई. तसं कवाच न्हाय."

"ज्वारीचं पाणी व्हतं त्ये."

"व्हय."

"मग तू रडलीसच न्हाईस?"

"न्हाय. येतच न्हाय."

म्हातारीनं गडू बाजूला सरकवला. "मला बी न्हाय आलं," ती म्हणाली.

बाहेर कुत्रं एकदा भुंकलं आणि कुणी ओ दिली नाही म्हणून थांबलं. महादेवी बोलली तेव्हा तिचा आवाज तसाच सपाट होता, दवाखान्यात होता तसा.

"त्या राती म्या लई गाढ झोपले व्हते. नाक मोकळं व्हतं. दुसरं कंचंबी साल आसतं तर म्या जागी आसते. मला आयकू आलं आसतं."

पार्वतम्मा काही म्हणाली नाही. तुझी चूक नव्हती असंही नाही, आणि माझी होती असंही नाही. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, कोनाड्यापाशी गेली, पुडी काढून तिनं ती बोटानं चाचपली.

"येक बी कमी न्हाय झाली. तुझी गोळी घेत न्हाईस तू."

"झोप येती तिनं."

"म्हायती हाय. म्या व्हते की तिथं, डाक्टर बोलला तवा." तिनं एक पिवळी गोळी काढली, गडूत आंबील होती म्हणून माठातून तांब्या भरून आणला आणि दोन्ही सुनेपुढं धरलं. "घे. अन आडवी हो. पोरीपशी म्या बसते."

महादेवीनं हात पुढं केला नाही.

"घे, महादेवी. म्या जागी ऱ्हाते."

तिनं गोळी घेतली. मग संगूच्या बाजूला, त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच, पाठ टेकून आडवी झाली. पार्वतम्मा सरकत भिंतीपाशी गेली आणि जिथं महादेवी बसायची तिथं टेकून बसली. एक हात तिनं पोरीच्या छातीवर ठेवला. ओल्या केसांतलं पाणी तिच्या खांद्यावर ठिबकत होतं, ते तिनं पुसलं नाही.

झोप यायला जरा वेळ लागला. तेवढ्यात महादेवीनं दोनदा डोळे उघडून पाहिलं. दोन्ही वेळा म्हातारी जागी होती.